पीटीचा तास लेझीमला द्या

महोदय,

गणपती जवळ आले की सोलापुरात गल्लोगल्ली लेझीमचा सराव रंगतो. वर्गात पाच मिनिटं न टिकणारी पोरं तिथे ठेका मनात मोजत, रांग न मोडता बरोब्बर वळतात. शाळेत मात्र पीटीचा तास हमखास गणिताच्या घशात! जागतिक आरोग्य संघटना ५ ते १७ वर्षांच्या मुलांसाठी दिवसाला सरासरी ६० मिनिटं मध्यम ते जोरदार हालचाल सांगते. उजवा हात डाव्या गुडघ्याला लावला की बुद्धी वाढते, हे ‘ब्रेन जिम’ नावाच्या व्यायामांचे दावे मात्र सिद्ध झालेले नाहीत. असल्या व्यायामांचे महागडे वर्ग नकोत. पण तालाला कान, डोळे, पाय एकत्र लागतात, लक्ष द्यावंच लागतं. पीटीचा तास मिळत नसेल, तर निदान परिपाठानंतर दहा मिनिटं लेझीम किंवा टाळ्यांवर पाढे घ्यावेत. ऊन तापायच्या आत, एवढंच.

– एक पालक, सोलापूर