भिंत स्लॅबपर्यंत न्या

मा. संपादक,
स. न. वि. वि.

रुग्णालयांची कार्यालयं वेगळ्या इमारतीत हलवण्याविषयीचा आपल्या पुरवणीतला लेख वाचला. मूळ कल्पना पटते. ऑक्सिजनच्या वाहिन्या, स्ट्रेचर मावेल एवढ्या लिफ्ट, चोवीस तास चालणारं वायुवीजन असा खर्च करून बांधलेली जागा फायलींच्या कपाटांनी अडवून ठेवायची, यात काही शहाणपण नाही. पण लेखासोबतच्या चित्रातलं ते एकच एक मोकळं दालन पाहिलं आणि पोटात गोळा आला.

मी बावीस वर्षं विम्याच्या दाव्यांचं काम केलं. आमचा विभाग आधी तळघरात होता, मग काचेच्या नव्या इमारतीत गेला. तळघरात उजेड नव्हता, पण भिंती होत्या. नव्या जागेत एकदा एका आजोबांचा फोन आला. डिस्चार्ज कार्डावरचं निदान आणि दाव्यातला कोड जुळत नसल्यामुळे त्यांच्या पत्नीचा दावा अडला होता. आजोबांना कमी ऐकू येई. "कुठला आजार म्हणालात? जरा मोठ्यानं!" मी मोठ्यानं सांगितला. आसपासच्या टेबलांवरच्या माना वर झाल्या. त्यातली एक सहकारी त्याच बाईंच्या शेजारी राहत होती, हे मला संध्याकाळी कळलं. त्या फायलीला कुलूप होतं आणि संगणकाला पासवर्डही होता.

मोकळ्या जागेत माणसं एकमेकांशी जास्त बोलतात, असं या दालनांच्या बाजूनं सांगतात. हार्वर्डच्या संशोधकांनी 2018 मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात दोन बड्या कंपन्यांच्या मुख्यालयांत मोजून पाहिलं, तर मोकळ्या जागेत गेल्यावर समोरासमोरचं बोलणं सुमारे 70 टक्क्यांनी घटलं आणि ई-मेल वाढले. आमच्याकडेही तेच झालं. जो तो कानात हेडफोन घालून बसू लागला.

दावे, तक्रारी आणि मनुष्यबळ विभागाला बंद खोल्या हव्यातच. त्यांची पार्टिशनंही वरच्या स्लॅबपर्यंत न्यावीत. फॉल्स सीलिंगपाशी थांबवली की आवाज वरून पलीकडे उतरतो आणि खोली नुसती दिसायला बंद राहते. पैसे वाचवायला नेमकी हीच दोन हात भिंत गाळतात.

शिवाय सगळेच विभाग हलवू नयेत. दाखल करून घेणारी खिडकी, डिस्चार्जचं बिल आणि नातेवाइकांना कागद देणारा अभिलेख कक्ष रुग्णालयातच राहू द्या. रात्रभर जागलेल्या माणसाला एका सहीसाठी रस्ता ओलांडायला लावू नका. लेखा, खरेदी, पगारपत्रक खुशाल जावोत. पार्किंग नि कॅन्टीनबद्दल भांडायला पुष्कळ जण आहेत, ते मी सोडून देते.

आमच्या इमारतीच्या वेळी आर्किटेक्ट दोनदा येऊन गेले. दोन्ही वेळा त्यांनी टेबलं मोजली. फोन वाजत होते, पण त्यावर आम्ही काय बोलतो ते ऐकायला कुणी थांबलं नाही.

आपली,
एक निवृत्त कर्मचारी