एकोणसत्तर गुणांचा कोल्हा

एडिसन, न्यू जर्सी
१५ मे २०१६

प्रिय बंड्या,
सप्रेम नमस्कार.

तुझा निरोप मिळाला. 'स्टार फॉक्स झिरो' या कोल्हा वैमानिकाच्या नव्या व्हिडिओ गेमला मेटाक्रिटिकवर, म्हणजे परीक्षणांच्या गुणांची सरासरी काढणाऱ्या साइटवर, शंभरात ६९, शिवाय जुन्याचीच नक्कल, म्हणजे विषय संपला, एवढंच लिहून तू मोकळा झालास. वर 'म्हटलं होतं ना' हेही आहेच. फोनवर बोलायला गेलो तर नेहमीप्रमाणे तू माझं एक वाक्य पुरं होऊ देणार नाहीस, म्हणून हे पत्र. दुपारी डबा खाताना वाचलंस तरी चालेल, पण शेवटपर्यंत वाच.

आधी त्या ६९ चं बघू. गेमची परीक्षणं छापणाऱ्या साइटींपैकी आयजीएनने दहात साडेसात दिले, गेमस्पॉटने सात. जायंट बॉम्बने पाचात दोन तारे दिले. पॉलिगॉनच्या समीक्षकाने तर गेम पुरा केला नाही आणि गुण द्यायलाच नकार दिला. या सगळ्यांची सरासरी काढून हाती येतो एक आकडा, आणि तो आकडा यांपैकी एकाचंही म्हणणं सांगत नाही. दहावीच्या निकालाच्या दिवशी तूच ओरडायचास की टक्क्यांवरून पोराचं काही कळत नाही म्हणून. आता तूच टक्केवारी घेऊन बसलास!

इथे शनिवारी माझ्याकडे ऑफिसातली चार-पाच टाळकी जमतात. सगळे निन्टेन्डो या जपानी गेम कंपनीचे भक्त. २२ एप्रिलला गेम आला त्या दिवसापासून तट पडलेत. एकाचं म्हणणं, कंट्रोल्स भिकार आहेत, हा गेम रचणाऱ्या मियामोतोंना वय झाल्यावर कुणी नाही म्हणत नाही, म्हणून हे झालं. दुसरा म्हणतो, समीक्षकांना खेळताच येत नाही, त्यांना सगळं आयतं लागतं. पोहे गार होतात, चहा दुसऱ्यांदा गरम होतो, आणि गेम मात्र पॉज करून ठेवलेला. शेवटी बायकोने येऊन विचारलं, "तुम्ही हे खेळता की नुसतं भांडता?"

आता कंट्रोल्सबद्दल. तू हा गेम हातात घेतलेला नाहीस म्हणून नीट सांगतो. टीव्हीवर आर्विंग, म्हणजे आपलं विमान, पाठीमागून दिसतं, आपल्याला सवय आहे तसंच. निन्टेन्डोच्या वी यू मशीनच्या, हातात धरायच्या गेमपॅडला ६.२ इंचांचा स्वतःचा पडदा आहे; त्यात कॉकपिटमधून बाहेर बघितल्यासारखं दृश्य. डाव्या स्टिकने विमान वळवायचं, उजवीने वेग वाढवायचा, कमी करायचा आणि गिरकी घ्यायची. नेम मात्र गेमपॅडच हवेत तिरपा-सरळ करून धरायचा. नेम भरकटला की वाय बटण दाबून परत मध्यावर आणायचा. पहिले काही दिवस हे वाय दाबणं इतकं चालतं की अंगठ्याला दुसरं कामच नाही असं वाटतं. तबला शिकायला लागलेल्याचे दोन हात सुरुवातीला एकमेकांचे वैरी असतात ना, तसंच अगदी. मग कधीतरी ते आपसूक जुळतात.

आणि जुळल्यावर जे होतं ना, ते ऐक. बोगद्यासारख्या सरळ जाणाऱ्या टप्प्यांत मी विमान डावीकडे काढून उजवीकडच्या शत्रूवर गोळ्या झाडू शकतो. १९९७ च्या 'स्टार फॉक्स ६४' मध्ये हे कधीच जमलं नाही. तिथे विमानाचं नाक जिकडे, गोळी तिकडे. नेम धरायला गेलास की खांबावर आपटायचास, आणि खांब चुकवायला गेलास की शत्रू निसटायचा. इथे ते दोन्ही वेगळे झालेत. कॉर्नेरिया या पहिल्या ग्रहावरच्या कमानींखालून सुळकन जाताना बाजूने येणारी विमानं मी टिपतो तेव्हा वाटतं, एवढी साधी गोष्ट करायला यांना इतकी वर्षं का लागली!

आमच्या कंपूत एक मुलगी आहे, तिने आयुष्यात स्टार फॉक्स खेळलेला नव्हता. तिला कंट्रोल्स आमच्या सगळ्यांच्या आधी आले. आमच्या बोटांना १९९७ ची सवय, ती सोडायचीच तयारी नाही. म्हणून 'कंट्रोल्स वाईट' हे वाक्य मी सरसकट ऐकून घेत नाही. कुणाच्या हाताला वाईट, हे आधी सांगा.

पण थांब, लगेच मला भक्तांच्या तटात टाकू नकोस. मोकळ्या आकाशातली जी लढाई असते, ऑल-रेंज मोड, तिथे हीच व्यवस्था गळ्याशी येते. पहिल्याच टप्प्यात बघ. शहराच्या मधोमध उंच मनोरा, आणि कोळ्यासारखे यंत्रमानव भिंतींवरून तुरुतुरु वर चढतायत. ते पाडायचे. झेडएल दाबलं की टीव्हीवरचा कॅमेरा लक्ष्याला चिकटतो. आता टीव्हीवर शत्रू दिसतो आणि तुझं विमान तुझ्याच अंगावर आल्यासारखं समोरून दिसतं. आपण कुठे चाललोय हे कळायची सोय नाही. अचूक नेम धरायचा तर मान खाली घालून गेमपॅडमध्ये बघायचं, कारण टीव्हीवरची नेमाची खूण तितकी खरी नाही. मान खाली घातली की आजूबाजूचं काही दिसत नाही, वर केली की नेम गेला. मनोऱ्यावर आदळून होणारा तो धडाम आवाज आमच्या शेजाऱ्यांनासुद्धा पाठ झाला असेल.

आणि पुढचे बहुतेक मोठे शत्रू याच घाटाचे! पाठीवरचं झाकण, पोटाखालचा कप्पा, असं काहीतरी वरून किंवा खालून नेमकं टिपायचं. म्हणजे जिथे शांत डोक्याने नेम धरायला हवा, नेमका तिथेच गेम तुला दोन पडद्यांत विभागून टाकतो. माझं एवढंच म्हणणं आहे, बंड्या, की कंट्रोल्स चांगले आहेत, त्यांच्यासाठी रचलेल्या लढाया चुकल्यात. समीक्षकांनी दोष दिला तो कंट्रोल्सना. भक्त बचाव करतायत तोही कंट्रोल्सचाच. त्या मनोऱ्याकडे कुणी बघायलाच तयार नाही.

गंमत म्हणजे हे निन्टेन्डोला ठाऊक नव्हतं असंही नाही. गेम गेल्या नोव्हेंबरात यायचा होता. सप्टेंबरात मियामोतोंनी स्वतः जाहीर केलं की दोन पडद्यांवर खेळायची ही नवी पद्धत लोकांना सहज वाटावी म्हणून अजून वेळ हवाय. सोबतीला प्लॅटिनमगेम्ससारखी कंपनी, जिचा ॲक्शन गेममध्ये हात धरणारं कुणी नाही. पाचेक महिने जास्त घेतले. सेटिंगमध्ये एक सोय दिली की झेडआर दाबून धरलं तरच हालचालीने नेम सरकेल, आणि मायनस दाबून दोन पडद्यांवरची दृश्यं आपसांत बदलता येतात. त्याने त्रास खूप कमी होतो. पण ही सोय गेम तुला आपणहून नीट सांगत नाही, आणि सुरुवातीलाच हात आखडलेला माणूस मेन्यूत शोधाशोध कशाला करेल?

गायरोविंगबद्दल मात्र मी अजिबात बचाव करणार नाही. झोनेस ग्रहावर एक हळूहळू तरंगणारं ड्रोन चालवायचं, प्रकाशझोत चुकवत लपतछपत जायचं, आणि खाली दोरीने एक छोटा रोबो सोडून कळा दाबायच्या. आमच्यातला सगळ्यात कट्टर भक्तसुद्धा त्या टप्प्याला उठून पाणी प्यायला गेला. उलट वॉकर झकास आहे. ए दाबलं की विमानाचं दोन पायांचं कोंबडीसारखं यंत्र होतं. ही कल्पना मुळात 'स्टार फॉक्स २' मधली, जो नव्वदीच्या दशकात जवळजवळ तयार होऊनही तेव्हा बाजारात आलाच नाही. रद्द झालेल्या गेममधली चीज वीस वर्षं जपून ठेवायची आणि मग वापरायची, याचं मला कौतुक वाटतं.

पॉलिगॉनवाल्या त्या माणसावर लोक तुटून पडलेत. मला त्याचा राग येत नाही. पुढे खेळवत नाही, म्हणून गुण देत नाही, हे त्याने तोंडावर सांगितलं. न खेळता दहात दहा देणारे भक्त त्याच्याहून जास्त प्रामाणिक कसे? माझी तक्रार वेगळी आहे. बऱ्याच जणांनी लिहिलंय की गेम फार छोटा आहे, काही तासांत संपतो. अरे, '६४' तर तासाभरात संपायचा! वाटा फुटत जायच्या, म्हणून आपण तो परत परत खेळायचो. इथेही वॉकर मिळाल्यावर कॉर्नेरियाला परत गेलास की आधी बंद असलेली वाट उघडते. मुदतीच्या आत परीक्षण लिहून द्यायचंय त्याला परत जायला वेळ कुठला? त्याचा दोष नाही, पण त्याच्या आकड्यात हे दुसऱ्यांदा खेळणं धरलेलंच नाही, हे तू लक्षात घे.

'जुन्याचीच नक्कल' हा तुझा दुसरा मुद्दा. कथा तीच, खलनायक अँड्रॉस तोच, साथीदार पेपी 'बॅरल रोल' म्हणून तसाच ओरडतो, फक्त आता हातातल्या स्पीकरमधून, अगदी कानाशी. हे सगळं कबूल. पण तू '६४' ला दैवत मानतोस म्हणून आठवण करून देतो: आपण तो रंगीत बघितलेलाच नाही! तुझ्या मामांनी अमेरिकेहून मशीन आणलं, ते एनटीएससी पद्धतीचं, आणि तुमचा टीव्ही इथल्यापेक्षा वेगळ्या पाल पद्धतीचा. चित्र काळंपांढरं. खाली तो ११० व्होल्टचा ट्रान्सफॉर्मर इतका तापायचा की तुझी आई येऊन हात लावून बघायची आणि मशीन बंद करायला लावायची. कंट्रोलर थरथरवणाऱ्या रंबल पॅकमधले दोन बारीक पेन्सिल सेल घड्याळातून काढून घातले म्हणून तू मार खाल्लायस. मी इथे आल्यावर तोच गेम रंगीत बघितला तेव्हा कॉर्नेरियाचं पाणी निळंशार आहे हे पहिल्यांदा कळलं. 'झिरो'ची चित्रं साधी आहेत ही तक्रार खरी आहे. दोन वेगवेगळी दृश्यं एकाच वेळी, सेकंदाला साठ चौकटींनी काढायची म्हटल्यावर त्या बिचाऱ्या वी यूने आणखी काय करावं?

१९९३ चा पहिला 'स्टार फॉक्स' आठव. सुपर निन्टेन्डो या तेव्हाच्या मशीनला त्रिमिती झेपत नव्हती, तर इंग्लंडच्या आर्गोनॉट कंपनीतल्या लोकांनी सुपर एफएक्स नावाची चिप बनवली आणि ती थेट कार्ट्रिजमध्येच बसवली. '६४' ने हाताला थरथर दिली. या मालिकेत दर वेळी एखादं नवं यंत्र असतंच. आणि कोल्हाच का, तर क्योतोला निन्टेन्डोच्या कचेरीपासून जवळच फुशिमी इनारीचं देऊळ आहे, कोल्ह्यांच्या मूर्तींचं, लाल कमानींच्या रांगाच रांगा असलेलं. कमानींतून उडत जायची कल्पना मियामोतोंना तिथून सुचली. आता तू 'नुसती नक्कल' म्हणालास की मला ही कमानीतून उडायची चाल तीनदा नव्याने रचणारी माणसं आठवतात, आणि '६४' नंतरचे ते भलतेच 'स्टार फॉक्स' सुद्धा, ज्यांतल्या एकात तर कोल्हा विमानातून उतरून काठी घेऊन पायी फिरत होता. तेव्हा तूच म्हणायचास, परत विमानात बसवा त्याला. बसवला की नाही?

एक गोष्ट तुला परीक्षणांतून कळणार नाही. गेल्या जूनमध्ये ई-थ्री या गेमच्या प्रदर्शनाला निन्टेन्डोने आपले अध्यक्ष इवाता, मियामोतो आणि अमेरिकेतले प्रमुख रेजी यांच्या बाहुल्या करून कार्यक्रम केला होता, त्याची तू टवाळी केली होतीस. जुलैच्या ११ तारखेला इवाता गेले, ५५ वर्षांचे होते. 'झिरो'च्या शेवटी श्रेयनामावलीत एक ओळ येते, लढाईत पडलेल्या आपल्या साथीदार वैमानिकाला हा गेम अर्पण, अशा अर्थाची. ती आली तेव्हा शनिवारच्या भांडखोरांपैकी एकानेही तोंड उघडलं नाही. गुणांशी याचा काही संबंध नाही, ठाऊक आहे मला.

आता व्यवहाराचं. गेम आल्यावर पाचव्याच दिवशी निन्टेन्डोने जाहीर केलं की एनएक्स नावाचं नवं मशीन पुढच्या मार्चमध्ये येणार, आणि 'झेल्डा' हा त्यांचा गाजलेला गेमही तोवर ढकलला. म्हणजे वी यू आता आटोपल्यात जमा. त्यामुळे तू नवीन मशीन घेण्याच्या भानगडीत पडू नकोस, मी डिसेंबरात माझंच घेऊन येतो. गेमचा डबा घेतला तेव्हा ६० डॉलरमध्ये 'स्टार फॉक्स गार्ड' हा दुसरा गेमही मिळाला. त्यात बारा कॅमेरे टीव्हीवर दिसतात आणि यंत्रमानव कुठून घुसतायत हे ओरडून सांगायला शेजारी माणूस लागतो. तुझ्या चिरंजीवांना ते काम देऊ, घसा चांगला आहे त्यांचा. 'झिरो' आपण दोघं वाटून घेऊ, त्यात तशी सोय आहे: एकाने उडवायचं, दुसऱ्याने नेम धरायचा. उडवणार मी. तू गोळ्या झाड, आणि मनोऱ्याशी आलो की मला शिव्या दे.

काकूंच्या गुडघ्याचं काय झालं ते कळव. त्यांना नमस्कार, वहिनींनाही.

तुझा,
बाळ्या