सईच्या फॉर्मवरची सही

रायबंदर, गोवा
6 नोव्हेंबर 2025

प्रिय सुलू,

तुझे दोन फोन आले, मी उचलले नाहीत. रागावू नकोस. फोनवर बोलायला लागले असते तर मधेच रडले तरी असते नाहीतर भांडले तरी, आणि दोन्ही सईच्या कानावर जायला नको होतं.

मे महिन्यात मी तुला 'तारिणी' बोटीचे फोटो पाठवले होते ना, तेव्हापासून हे वेड घरात शिरलंय. नौदलाच्या दिलना आणि रूपा 2 ऑक्टोबर 2024ला इथूनच शिडाच्या बोटीतून निघाल्या आणि यंदा 29 मेला पृथ्वीला वळसा घालून परत आल्या. वाटेत भर प्रशांत महासागरातला पॉइंट निमो लागला. तिथून सगळ्यात जवळची जमीन 2,700 किलोमीटरच्या आसपास, म्हणजे डोक्यावरून जाणारे अंतराळवीरच जास्त जवळचे शेजारी! आणि बोट बांधली कुठे, तर नदीपलीकडे दिवाडीला. 'आपल्या गावची' म्हणून सईने तिचा फोटो कपाटाच्या दारावर चिकटवला. तिथवर कौतुकच होतं. मग एकदा जेवताना म्हणते, "पण आई, त्या दोघी होत्या. एक झोपली की दुसरी जागी. एकटी कोण गेली?"

झालं. तेव्हापासून आमच्या घरात दोन परक्या पोरी राहायला आल्यात.

एक ऑस्ट्रेलियाची जेसिका वॉटसन. 2009च्या सप्टेंबरात, खरा प्रवास सुरू व्हायच्या आधीच, पहिल्याच रात्री तिला डुलकी लागली आणि बोट 63,000 टनी मालवाहू जहाजावर आदळली. डोलकाठी मोडली. मी असते तर कान धरून घरी आणली असती. ती ऑक्टोबरात पुन्हा निघाली आणि कुठेही न थांबता 210 दिवसांनी सिडनीला परतली, सतरावा वाढदिवस तीन दिवसांवर असताना. लोक तिच्या वादळांचं सांगतात, माझ्या डोक्यात मात्र ती डुलकी बसलीय. एकट्या माणसाने झोपायचं कधी? तर जहाजांच्या वाटेवर गजर लावून वीस-वीस मिनिटं. उठायचं, चारी बाजूंना क्षितिज बघायचं, पुन्हा आडवं व्हायचं. आत्ता दिवा दिसत नाही म्हणून निवांत झोपलं, तर अर्ध्या तासात जहाज अंगावर येऊ शकतं. आणि मी बोलतेय कुणाबद्दल, जिला शाळेसाठी तीन हाका माराव्या लागतात तिच्याबद्दल!

दुसरी लॉरा डेकर, डच. तेरा वर्षांची असताना एकटी बोट घेऊन इंग्लंडला गेली. तिथल्या अधिकाऱ्यांनी बापाला बोलावून घेतलं, म्हणाले मुलीला घेऊन जा. बाप गेला, आणि पोरीला पुन्हा एकटीलाच बोटीतून घरी धाडलं त्याने. हे मी श्रीधरला वाचून दाखवलं. हा ताटातली कोशिंबीर संपवत म्हणतो, "मग? आली तशी गेली." पुढचं जेवण आम्ही मुक्यानेच उरकलं.

पुढे लॉराने जगप्रदक्षिणेचं काढलं तेव्हा डच न्यायालय मधे पडलं. आईबापांच्या जोडीला बालसंरक्षणवाले बसवले आणि तिला थांबवलं. 2010च्या जुलैत मोकळं केलं ते आधी मोठी बोट, प्रथमोपचाराचं शिक्षण, कमी झोपेत डोकं ठिकाणावर ठेवायचा सराव, एवढं सगळं झाल्यावर. मग ती 38 फुटी 'गपी' घेऊन गेली. सोमाली चाच्यांच्या भीतीने एडनकडे फिरकलीच नाही, ऑस्ट्रेलियातल्या डार्विनहून अख्खा हिंदी महासागर ओलांडून थेट दक्षिण आफ्रिकेतलं डर्बन गाठलं. 21 जानेवारी 2012ला कॅरिबियनमधल्या सिंट मार्टेनला तिचा फेरा पुरा झाला. वय सोळा.

सई लॉराच्या बाजूची, श्रीधर बापाच्या. मी न्यायालयाच्या. हसू नकोस. सगळे त्या न्यायालयाला खडूस ठरवतात, मला ते आपल्या आत्यासारखं वाटतं. जाशील गं, आधी स्वेटर घाल.

आता जे फोनवर सांगता येत नव्हतं ते. सई ज्या बोटीवर शीड चालवायला शिकते ती ऑप्टिमिस्ट म्हणजे आठ फूटसुद्धा नाही, एक शीड, पुढून बोथट. तुमच्या मिरजेच्या घरचं घंगाळ बरं. मागच्या महिन्यात दोना पावलाजवळ वारा एकदम फिरला, शिडाचा दांडा सपकन इकडून तिकडे आला आणि बोट उलटी. मी किनाऱ्यावर, चप्पल हातात. मदतीची बोट जवळच होती, पण सरांनी तिला जाऊ दिलं नाही. सईचं डोकं वर आलं. बोटीच्या बुडातून बाहेर आलेल्या फळीवर ती चढली, मागे रेलली, रेलतच राहिली, आणि शीड पाण्यातून हळूहळू वर आलं. मग आत बसून कापलेल्या प्लास्टिकच्या बरणीने पाणी उपसायला लागली. किती वेळ उपसत होती! किनाऱ्याकडे तिने एकदाही पाहिलं नाही गं. मला सगळ्यात लागलं ते हे.

आता मुंबईला दहा दिवसांचं शिबिर आहे. त्याच्या फॉर्मवर पालकाची सही हवी. श्रीधर म्हणतो मी करतो. सई म्हणते, "नको, आईचीच."

काल त्रिपुरारी, म्हणून साखळीला गेलो होतो. विठ्ठलापूरला वाळवंटी नदीत नौका सोडतात, ते तू एकदा बघायला हवंस. स्पर्धेतल्या नौका भल्यामोठ्या, सईची आपली पुठ्ठ्याची आणि थर्मोकोलची. मी हौसेने पाच पणत्या ठेवायला लावल्या तर ती एका अंगाला कलली. सईने काही न बोलता दोन उचलल्या, माझ्या हातात दिल्या आणि नौका सोडली. मी आपली दोन्ही हातांत पेटत्या पणत्या घेऊन घाटावर उभी, खाली ठेवायला जागा नाही इतकी गर्दी.

फॉर्म फ्रिजवर चुंबकाखाली आहे, शेवटची तारीख चौदा. तुझी मनू पुण्याला हॉस्टेलवर गेली तेव्हा पहिला आठवडा तू रात्री झोपत होतीस का, तेवढं खरं खरं लिही. चौदाच्या आत.

तुझी,
नंदा