एका ‘ई’चा फरक

संपादक महोदय,
स. न.

गेल्या रविवारच्या पुरवणीतला बडोद्याच्या महाराणी चिमणाबाई गायकवाड यांच्यावरचा लेख आवडला. मात्र लेखाच्या चौकटीत त्यांच्या नावापुढे ‘सी.आय.ई.’ छापले आहे. तिथे ‘सी.आय.’ हवे. शेवटचे अक्षर गळले असे समजून कुणीतरी सद्हेतूनेच ते भरले असावे. चूक एका अक्षराची आहे, पण त्या अक्षराने सन्मानच बदलून गेला. गेली तीसेक वर्षे जुनी नाणी आणि पदके जमवण्याचा नाद असल्यामुळे राहवले नाही, म्हणून हे पत्र.

सी.आय.ई. म्हणजे ‘कम्पॅनियन ऑफ द ऑर्डर ऑफ द इंडियन एम्पायर’. न्यायमूर्ती रानडे सी.आय.ई. होते, नामदार गोखले सी.आय.ई. होते. (गोखल्यांना १९१४ साली त्याच ऑर्डरचा वरचा दर्जा, म्हणजे ‘सर’की, देऊ केली होती. ती त्यांनी नाकारली.) कलेक्टर, इंजिनिअर, डॉक्टर, दिवाण अशा अनेकांना हा सन्मान मिळाला. जुन्या घरांच्या दिवाणखान्यांतल्या तसबिरींखाली ही तीन अक्षरे आजही दिसतात.

सी.आय.चे तसे नाही. तिचे पूर्ण नाव ‘इम्पीरियल ऑर्डर ऑफ द क्राउन ऑफ इंडिया’. व्हिक्टोरिया राणीने १ जानेवारी १८७८ रोजी ती सुरू केली, आणि तीही फक्त स्त्रियांसाठी. राजघराण्यातल्या राजकन्या, संस्थानिकांच्या राण्या आणि आप्त स्त्रिया, व्हाइसरॉय, भारतमंत्री आणि मुंबई-मद्रासच्या गव्हर्नरांसारख्या बड्या अधिकाऱ्यांच्या बायका, एवढ्यांनाच ती मिळे. सत्तर वर्षांत हा मान जेमतेम शंभरावर स्त्रियांना मिळाला. त्याबरोबर ‘लेडी’ किंवा ‘डेम’ असा किताब येत नसे. नावापुढे दोन अक्षरे आणि डाव्या खांद्यावर एक बिल्ला, बस्स.

त्या बिल्ल्याविषयी मात्र जरा सविस्तर लिहितो. आकार लंबगोल, भोवती मोत्यांची किनार, वर मिन्याचा राजमुकुट आणि मध्ये राणीच्या नावाची तीन इंग्रजी अक्षरे एकमेकांत गुंफलेली: व्ही, आर, आय, म्हणजे व्हिक्टोरिया राणी आणि सम्राज्ञी. व्ही हिऱ्यांचा, आर मोत्यांचा, आय फिरोजांचा. हे सगळे पांढऱ्या काठाच्या फिक्या निळ्या रेशमी फितीच्या फुलाला लटकवलेले. राणीचा चेहरा त्यावर कुठेही नाही. ओळखण्याची पहिली खूण हीच, कारण सी.आय.ई.च्या पदकावर लाल मिन्याचे गुलाबाचे फूल असते आणि त्याच्या मधोमध राणीचे मुखचित्र. काही वर्षांपूर्वी एका प्रदर्शनात एका विक्रेत्याने मला असेच गुलाबाचे पदक ‘महाराणीचे मेडल’ म्हणून दाखवले. राणी होती खरी, पण चित्रातली! पदक आरंभीच्या वर्षांतले होते, पाकळ्यांवर ‘इंडिया’ शब्दाची पाच अक्षरे असलेले. पुढे ती अक्षरे काढली गेली, त्यामुळे ते संग्राहकाला हवेहवेसे वाटावे असेच होते. पण ज्या भावाला तो मागत होता त्या भावाला नव्हे.

या दोन्ही ऑर्डर एकाच सुमारास निघाल्या, याला कारण आहे. राणीला ‘कैसर-ए-हिंद’ म्हणून जाहीर करणारा दिल्ली दरबार लॉर्ड लिटनने १ जानेवारी १८७७ रोजी भरवला. नव्या सम्राज्ञीपदाला शोभतील असे नवे मान हवेच होते. त्याच वेळी आपल्याकडे दख्खनमध्ये माणसे दुष्काळाने मरत होती, आणि त्या झगमगाटात पुण्याच्या सार्वजनिक सभेचे मानपत्र घेऊन गणेश वासुदेव जोशी खादीच्या कपड्यांत उभे होते. पुढे सी.आय.च्या पहिल्या मानकऱ्यांत लिटनच्या पत्नीचेही नाव आले. मी ही पदके जमवतो, पण त्यांच्यामागचे राजकारण विसरून ती हातात घेता येत नाहीत.

या ऑर्डरच्या भारतीय मानकऱ्यांत मराठी नावे आहेत, हे आपल्या वाचकांना सांगायला हवे होते. पहिल्याच यादीत बडोद्याच्या जमनाबाई आहेत. खंडेराव गायकवाडांच्या या विधवा पत्नीने, खंडेरावांमागून गादीवर आलेल्या त्यांच्या भावाला, मल्हाररावांना, इंग्रजांनी पदच्युत केल्यावर १८७५ साली नाशिककडच्या कवळाण्याच्या गोपाळला दत्तक घेतले. तोच पुढे सयाजीराव तिसरा. दुसरे नाव तंजावरच्या विजयमोहना मुक्तांबाबाईंचे. भोसल्यांचे शेवटचे राजे शिवाजी यांची ही मुलगी. १८५५ साली राजा वारला, पुरुष वारस नाही म्हणून राज्य खालसा झाले, आणि पुढे त्याच सरकारने मुलीच्या खांद्यावर हिऱ्यामोत्यांचा बिल्ला लावला. आणि चिमणाबाई, म्हणजे दुसऱ्या चिमणाबाई. सयाजीरावांच्या पहिल्या पत्नीचे नावही चिमणाबाईच होते आणि त्या तंजावरहून आलेल्या, हे लेखात सांगितले असते तर बरे झाले असते. अनेक जण दोघींना एकच समजतात. १९२७ साली पुण्यात अखिल भारतीय महिला परिषदेचे पहिले अधिवेशन भरले, त्याच्या अध्यक्ष या दुसऱ्या.

पुरवणीत आणखी एक वाक्य आहे, की अशी पदके ‘आज परदेशी लिलावांत चांगली किंमत मिळवून देतात’. देतही असतील. पण हे वाचून कुणी आजीच्या पेटीतले काही बाहेर पाठवायला निघाले तर अडचणीत येईल. १९७२ च्या पुरावशेष कायद्यानुसार शंभर वर्षांहून जुन्या अशा वस्तू खासगी व्यक्तीला देशाबाहेर पाठवता येत नाहीत. हे त्याच चौकटीत एका ओळीत देता आले असते.

त्याहून मोठे नुकसान घरातल्या घरात होते. पदक सराफाकडे जाते, सराफ त्याला दागिना समजून तोलतो. फिरोजा तेलाने आणि घामाने हिरवट पडतो, मग ‘खडा खराब झालाय, बदलून देतो’ म्हणून दुसरा बसवला जातो. फीत विटली म्हणून फेकली जाते. डबी वेगळी, सनद वेगळी, पदक तिसरीकडे. संग्राहकाला विचाराल तर विटलेली फीत आणि मूळ डबी यांची किंमत नव्या खड्यापेक्षा कितीतरी जास्त, कारण पदक कुणाचे हे त्यांच्यावरूनच कळते. सी.आय.च्या बिल्ल्यावर मानकरीण बाईंचे नाव कोरलेले नसते.

या ऑर्डरमध्ये शेवटच्या नेमणुका जून १९४७ मध्ये झाल्या. त्या दोघी म्हणजे राजकन्या एलिझाबेथ आणि मार्गारेट. पुढे दोन महिन्यांत आपण स्वतंत्र झालो. राणी एलिझाबेथ ८ सप्टेंबर २०२२ रोजी गेल्या, तेव्हा या ऑर्डरची शेवटची हयात मानकरीही गेली. त्या दिवशी सगळ्या वर्तमानपत्रांनी पानेच्या पाने छापली. एखाद्या कोपऱ्यात बडोद्याच्या आणि तंजावरच्या या बायकांचा उल्लेख निघेल म्हणून मी शोधत होतो. दिसला नाही.

दुरुस्ती छापाल तेव्हा एक विनंती. ‘सी’ आणि ‘आय’ यांच्यापुढची दोन्ही टिंबे द्या आणि मुद्रितशोधकांना सांगून ठेवा, की यापुढे अक्षर काही गळलेले नाही.

आपला,
एक नाणी-पदक संग्राहक वाचक,
पुणे