मार्चमाँटच्या जिन्यावरून

एडिनबरा,
रविवार

प्रिय मकरंद,

सप्रेम नमस्कार.

तुमच्या सोसायटीच्या पुनर्विकासाचं वाचलं. मजले वाढले की शेजार संपतो, ही तुझी भीती अगदी रास्त आहे. पण दाटी आणि शेजार एकत्र नांदू शकतात, हे मी इथे रोज बघतो. म्हणून आज सविस्तर लिहितोय.

मी राहतो ते मार्चमाँट हे शहराच्या दक्षिणेचं उपनगर, मेडोज नावाच्या मैदानापलीकडच्या चढावर वसलेलं. मैदानाच्या जागी पूर्वी तळं होतं. १७२२ नंतर थॉमस होप यांनी ते उपसून कोरडं करायला घेतलं. पुढे तिथे बांधकामाला कायद्यानेच बंदी आली, म्हणून आमच्यासमोर आजही मोकळं आकाश आहे. चढावरची सगळी जमीन वॉरेंडर घराण्याची. सर जॉर्ज वॉरेंडर यांनी १८६९ मध्ये डेव्हिड ब्राइस या वास्तुविशारदाकडून रस्त्यांचा आराखडा करून घेतला आणि १८७६ च्या सुमारास बांधकाम सुरू झालं. लॉडरडेल, थर्लस्टेन, खुद्द मार्चमाँट, ही रस्त्यांची नावं त्या घराण्याच्या सोयऱ्यांवरून आली आहेत.

जमीन विकली मात्र नाही. ती कायमच्या वार्षिक खंडाने द्यायची आणि इमारत कशी दिसावी याच्या अटी करारातच घालायच्या, अशी जुनी स्कॉटिश पद्धत होती. ती थेट २००४ मध्ये संपली. बिल्डर एकेक तुकडा घेऊन चार मजले चढवायचे. त्यामुळे अख्खा रस्ता एका उंचीचा, एका वाळूखडकाचा, तरी प्रत्येक दर्शनी भिंत वेगळी. कुठे पायऱ्यापायऱ्यांचं त्रिकोणी शिखर, कुठे कोपऱ्यावर किल्ल्यासारखा बुरूज. एडवर्ड कॅल्व्हर्ट या वास्तुविशारदाच्या इमारती तर मी मान वर करून बघतच राहतो. शिस्त आणि हौस यांचा असा मेळ मी दुसरीकडे पाहिलेला नाही.

आता आतलं सांगतो. रस्त्यावरच्या एका दारातून दगडी जिना वर जातो. त्याला इथे 'स्टेअर' म्हणतात आणि आपल्या चाळीच्या गॅलरीचं काम तो करतो. वर छताला काचेचा घुमट आहे, त्यातून उजेड थेट तळापर्यंत उतरतो. पायऱ्या मधोमध झिजल्यात. दाराशेजारी पितळी मुठींची रांग आहे, प्रत्येक घराची एक. पूर्वी ती ओढली की तारेने वर घंटा वाजायची आणि वरचा माणूस जिन्यावरचा दांडा ओढून खालचं दार उघडायचा. खाली यायची गरजच नाही! घरात रस्त्याकडे भिंतीबाहेर काढलेली 'बे विंडो' खिडकी, उंच छत, भिंतीतली कपाटं. स्वयंपाकघरात कपडे वाळवायला छताला दोरीने खालीवर होणारी लाकडी चौकट. शेजारी मोलकरणीची खोली, इतकी चिंचोळी की खाट मावली की दाराला जागा नाही. या खोलीकडे बघितलं की आतून हलतं. हे उपनगर मध्यमवर्गासाठी बांधलं गेलं, गरीब मागे जुन्या शहराच्या कोंदट गल्ल्यांत राहिले. त्याच गल्ल्या पाडून न टाकता सुधारण्यासाठी झटले ते नगररचनाकार पॅट्रिक गेडीस. हेच गेडीस पुढे १९१९ मध्ये मुंबई विद्यापीठात समाजशास्त्राचे प्राध्यापक म्हणून आले.

इमारतींच्या मागे, चारी बाजूंनी घरांनी वेढलेली हिरवळ असते, 'बॅक ग्रीन'. तिथे कपडे वाळतात आणि पोरं खेळतात. दुकानं तळमजल्यावर, चालत दोन मिनिटांवर. थर्लस्टेन रोडचा पोहण्याचा तलाव १८८७ पासून चालू आहे. विद्यापीठ मैदानापलीकडेच असल्याने आता विद्यार्थी फार, आणि भाडं ऐकशील तर गप्प बसशील.

छप्पर गळलं की मात्र सगळ्या जिन्याला एकत्र बसावं लागतं. २००४ च्या कायद्याने दुरुस्तीचा निर्णय बहुमताने होतो, पण आधी प्रत्येकाचं दार ठोठवावं लागतं. आमच्या जिन्यावरची ओळख अशीच वाढली.

तेव्हा बैठकीत बिल्डरला चौरस फुटांच्या आधी हे विचार: एका जिन्यावर घरं किती, जिन्यात दिवसा उजेड येतो का, पोरांना खेळायची जागा खिडकीतून दिसते का, आणि तळमजला फक्त गाड्यांनाच का? नकाशा मिळाला की लगेच पाठव. मी इथल्या एका इमारतीचा आराखडा काढून सोबत धाडतो, तो सगळ्यांना दाखव.

काका-काकूंना साष्टांग नमस्कार.

तुझा,
सुधीर