नंदूला तू सांगितलंस का?

स्विंडन, इंग्लंड,
१२ ऑक्टोबर २०२५

प्रिय सुर्या,

सप्रेम नमस्कार.

आधी एक विचारतो, मग बाकीचं. नंदूला तू सांगितलंस का? रागाने विचारत नाही. सांगितलं असशील तर बरंच केलंस. पण मला कळायला हवं, कारण गेले पंधरा दिवस हेच डोक्यात फिरतंय आणि इथे मन मोकळं करावं असं कोणी नाही. सुषमाला यातलं अर्धंच ठाऊक आहे. सगळं ठाऊक असलेला तू एकटा.

दीड वर्ष पत्र नाही, फोनवर नुसतं 'बरा आहेस ना' आणि 'ठेवतो'. चूक माझीच. तब्येत ठीक. साखर गोळीवर आटोक्यात आहे, सुषमाचा गुडघा तसाच.

तर नंदू येऊन गेला. मी इथे आलो त्याला बारा वर्षं झाली, आणि माझा भाऊ पहिल्यांदा माझ्या घरी आला. चवथीला गावी गेला होता, तिथून लिस्बनला परतला आणि मग दहा दिवसांची रजा काढून इकडे. विमानतळावर मी दीड तास बाहेर उभा. त्याच्या विमानातली माणसं सामान घेऊन निघून गेली, हा येईना. मागाहून कळलं, आत बाजूला बसवून विचारत होते. किती दिवस राहणार, भाऊ काय करतो, परतीचं तिकीट दाखव, कामाला तर आला नाहीस ना. बाहेर आला तो खाजांची पिशवी छातीशी धरून. 'दादा, खाजी मोडली का बघ,' एवढंच बोलला. २०१३ साली मी असाच लाल पोर्तुगीज पासपोर्ट दाखवला होता आणि मिनिटभरात बाहेर पडलो होतो. पासपोर्ट तोच, आजोबांच्या जन्माची नोंदही तीच.

आपलं म्हापशाच्या बसस्टँडवरचं भांडण आठवतंय? तुझ्याही आजोबांचा जन्म १९६१ च्या आधीचा, पोर्तुगीजांच्या गोव्यातला, तुझेही कागद पोर्तुगीज नागरिकत्वासाठी लिस्बनला गेले असते. तू म्हणालास, 'इथे माझं मत आहे. तिथे तुला कोण विचारणार?' मी म्हणालो, मत घालून पोट भरतं का. तीन महिने आपण बोललो नाही, आणि शेवटी देवळातल्या जत्रेत तू माझ्याच ताटात भजी टाकून मिटवलंस.

सुर्या, तू जिंकलास ते तुला मी कधी सांगितलं नाही. २३ जून २०१६ ला इथे सार्वमत झालं, युरोपात राहायचं की बाहेर पडायचं. त्यात इथे राहणाऱ्या भारतीय नागरिकाला मत होतं, कॉमनवेल्थचा म्हणून. मला नव्हतं, कारण मी पोर्तुगीज. आमच्या वरच्या मजल्यावर पुण्याचा एक इंजिनिअर राहायचा, इथे येऊन दोन वर्षं झाली होती. तो सकाळी मत देऊन आला आणि मी, तीन वर्षं इथे कर भरणारा, खिडकीतून बघत बसलो. त्याने 'बाहेर पडा'ला मत दिलं. मला समोरच सांगितलं. युरोपवाले फुकट येतात म्हणून आमच्या लोकांचे व्हिसा अडतात, असं त्याचं म्हणणं. प्रचारातही तेच चालू होतं. युरोपची दारं बंद केली की करी हाउसना आपल्याकडचे खानसामे आणता येतील, असं तेव्हाच्या मंत्री प्रीती पटेल सांगत होत्या. ५१.९ विरुद्ध ४८.१ टक्के. स्विंडननेही बाहेर पडायलाच कौल दिला. मी तेव्हा त्याच्यावर चिडलो होतो, पण त्याचा हिशेब अगदीच चुकला नाही. युरोपातून येणारे कमी झाले आणि आपल्याकडचे, नायजेरियातले वाढले, इतके की जून २०२३ पर्यंतच्या वर्षभरात येणाऱ्यांमधून जाणारे वजा केले तरी नऊ लाखांवर माणूस वाढला. माणसं कमी व्हावीत म्हणून ज्यांनी मत दिलं, ते यावरून पुन्हा संतापले. आता 'बाहेर पडा'वाल्या नायजेल फराजचा पक्ष म्हणतो, बाहेरून आलेल्यांचा कायम राहण्याचा हक्कच रद्द करू. गेल्या महिन्यात जाहीर केलं. तो इंजिनिअर आता रेडिंगला असतो, मला फोन करून विचारत होता, तुमचं काय होईल आणि आमचं काय होईल. मला त्याची कीव आली. खरंच.

पैशाचं तर तुला माहीतच आहे, बाबांच्या डोळ्याच्या ऑपरेशनला पाठवलेली रक्कम तूच बँकेतून काढून दिली होतीस. सार्वमताच्या आठवड्यात पौंड १०० रुपयांच्या घरात होता, वर्ष संपेपर्यंत ८५ च्या आत आला. मी तेवढेच तास उभा राहत होतो, घरी पोचत होते कमी. आमच्या वेअरहाउसमधून आधी जर्मनीला खोकं पाठवणं म्हणजे ब्रिस्टलला पाठवण्यासारखं, पत्ता चिकटवला की झालं. २०२१ च्या जानेवारीपासून प्रत्येक खोक्यामागे कस्टमचा कागद. वस्तूचा कोड कुठला, माल मुळात कुठे बनला, किंमत किती. करार झालाय, जकात नाही, असं टीव्हीवर सांगत होते. नाहीच. पण जकात नाही हे सिद्ध करायलाच माणूस लागतो, आणि छोट्या दुकानदाराला तो परवडत नाही. आयर्लंडमधला एक गिऱ्हाईक दर आठवड्याला चार खोकी मागवायचा, दोन महिन्यांत थांबला. त्या रांगेतल्या फळ्या आम्ही उतरवून ठेवल्या. सरकारचंच अंदाजपत्रक तपासणारं कार्यालय म्हणतं की युरोपात राहिलो असतो त्यापेक्षा देशाची उत्पादकता कालांतराने ४ टक्क्यांनी कमी राहील. चार टक्के ऐकायला थोडे वाटतात. मला त्या उतरवलेल्या फळ्या दिसतात.

नंदूने दुसऱ्या दिवशी चहाला दूध काढलं आणि डब्यावरचं वाचत उभा राहिला. 'नॉट फॉर ईयू' असा शिक्का असतो. उत्तर आयर्लंडला जाणारा माल पुढे आयर्लंडमध्ये, म्हणजे युरोपात, सरकू नये म्हणून ही सोय. आता इथल्या दुकानांतही बऱ्याच दूधलोण्यावर दिसते. म्हणाला, 'दादा, मला चालेल ना हे?' आम्ही दोघं हसलो. मग मला हसवेना.

आता मूळ गोष्ट. नोव्हेंबर २०२० मध्ये त्याचा पोर्तुगीज पासपोर्ट हातात आला. मी फोनवर म्हणालो, घाई करू नकोस, ३० जूनपर्यंत मुदत आहे, करोना ओसरू दे. मी अर्धंच वाचलं होतं. ३० जून २०२१ ही तारीख इथे राहण्याच्या हक्काच्या अर्जाची होती, आधीपासून इथे राहणाऱ्या युरोपवाल्यांसाठी. इथे येऊन राहायला लागण्याची शेवटची तारीख ३१ डिसेंबर २०२०. हे मला डिसेंबरच्या मध्यावर कामावरच्या एका पोलिश बाईने सांगितलं, तेव्हा माझे हात गार पडले. २७ चं तिकीट काढलं, तू त्याला दाबोळीला सोडणार होतास. आणि २१ ला संध्याकाळी बातमी आली, इथे विषाणूचा नवा प्रकार सापडलाय म्हणून भारताने ब्रिटनची विमानं बंद केली. ३१ डिसेंबरपर्यंत! नेमकी तीच तारीख. पुढे ७ जानेवारीपर्यंत वाढवली. वळसा घालून जाणारी तिकिटं महाग होती. तू सोसायटीतून कर्ज काढतो म्हणालास आणि मी नको म्हटलं, काहीतरी सवलत निघेल म्हणून. निघाली नाही.

आणि मग मी त्याला सांगितलं की सरकारने ऐन वेळी तारीख अलीकडे ओढली. आईलाही तेच सांगितलं. तुझ्यापाशी तेवढं खरं बोललो, आणि तू फोनवर बराच वेळ गप्प होतास.

नंदूचा भारतीय पासपोर्ट गेला, मतदारयादीतून नाव गेलं, नोकरी त्याने आधीच सोडली होती. २०२२ मध्ये लिस्बनला गेला. तिथे यंदा कायद्याने किमान पगार महिन्याला ८७० युरो, त्याला त्याहून थोडा जास्त मिळतो. इथे यंदा किमान मजुरी तासाला १२.२१ पौंड. एका खोलीत चौघं राहतात. त्याच्यासाठी म्हणून मी २०२० मध्ये मागच्या खोलीत पलंग घेतला होता, गादीचं प्लॅस्टिकही काढलं नव्हतं. तो येण्याच्या आदल्या रात्री काढलं. पाच वर्षांनी ते कडक होऊन चरचरत फाटलं, सुषमा खालून विचारत होती कसला आवाज म्हणून.

निघायच्या आदल्या रात्री त्याच पलंगावर आम्ही बसलो होतो. तो म्हणाला, 'दादा, तारीख कोणी ओढली नव्हती. पहिल्यापासून तीच होती ना?' मी हो म्हटलं. तो म्हणाला, 'मला २०२१ पासून माहीत आहे.' मग उशीचा अभ्रा काढून घडी करायला लागला. मी माफी मागितली, शब्द नीट आले नाहीत. तो म्हणाला, 'तू करोनाला घाबरला होतास, माझ्यासाठीच.' चार वर्षं याला माहीत होतं आणि दर रविवारी फोन करत होता. हे मला झेपत नाही, सुर्या. शिव्या दिल्या असत्या तर मी आज शांत झोपलो असतो.

कदाचित लिस्बनमध्येच कोणी सांगितलं असेल, तिथे आपली माणसं कमी नाहीत. पण २०२१ ला तर तो गावीच होता. म्हणून विचारतोय.

तुझ्या मुलीला फार्मसीला प्रवेश मिळाल्याचं नंदूकडून कळलं, तिला माझा आशीर्वाद सांग. शाळेचं छप्पर झालं का? वहिनींना नमस्कार.

आईला अजून सरकारनेच तारीख बदलली असं वाटतं. दिवाळीला घरी जाशील तेव्हा तो विषय काढू नकोस, तिला मीच सांगणार आहे. मुंबईमार्गे १९ डिसेंबरला मोपाला उतरतो. गोवा मुक्तिदिनाची तुला सुट्टीच असेल, न्यायला ये.

तुझा,
दत्ता