यंदाही दिवाळीचा फराळ सीमेवर जायला हवा : तालमीच्या बालविभागाचे आवाहन

समस्त पेठकर, तालमीचे आजी-माजी खेळाडू, पालक आणि माता-भगिनींना सप्रेम नमस्कार.

गणपतीची वर्गणी देऊन मंडळी आत्ताच मोकळी झाली आहेत, लगेच पुन्हा पावतीपुस्तक घेऊन दारात यायला संकोच वाटतो. पण नवरात्र तोंडावर आले आणि बालविभागाच्या खात्यात पार्सलच्या टपालखर्चापुरतेही पैसे नाहीत. म्हणून घाईघाईने हे लिहितो आहे.

सीमेवरच्या जवानांना पोरांची पत्रे आणि दिवाळीचा फराळ पाठवण्याचा हा उपक्रम कसा सुरू झाला ते जुन्या मंडळींना ठाऊक आहेच. २०१९ च्या महापुरात आपल्या कोल्हापूर जिल्ह्यात आंबेवाडी-चिखलीपासून शिरोळपर्यंत लष्कर आणि नौदलाच्या बोटी फिरत होत्या. त्या वर्षी राखीपौर्णिमा आणि १५ ऑगस्ट एकाच दिवशी आले आणि पूरग्रस्त आयाबायांनी जवानांना राख्या बांधल्या. पाणी ओसरले, जवान निघून गेले. तेव्हा आपल्या बालवाडीच्या बाईंनी पोरांना विचारले, "आता त्यांना थँक्यू कुणी म्हणायचं?" पहिली पोस्टकार्डे त्याच आठवड्यात गेली. बाईंचे हे ऋण तालीम विसरणार नाही.

तेव्हापासून दर रविवारी बालवाडी ते चौथीची पोरे तालमीत जमतात. फौजेतले आपले माजी सुभेदार काका गुडघेदुखी घेऊन जिना चढतात, पण रविवार चुकवत नाहीत. ब्लँकेटची घडी कशी घालायची इथपासून त्यांची सुरुवात. एकदा एका चिमुरड्याने विचारले, "काका, तुम्ही किती शत्रू मारले?" काकांनी उत्तर दिले नाही. त्याऐवजी लंगरमधल्या, म्हणजे फौजेच्या स्वयंपाकघरातल्या, स्वयंपाक्याची गोष्ट सांगितली, सगळ्यांच्या आधी पहाटे उठून थंडीत चुलवण पेटवणाऱ्याची. पुढच्या रविवारी निम्म्या पोरांनी पत्रे स्वयंपाक्यालाच लिहिली! आपल्या जिल्ह्याचे लेफ्टनंट जनरल एस. पी. पी. थोरात १९५३ मध्ये भारतीय तुकडी घेऊन कोरियात गेले ते लढायला नव्हे, युद्धकैद्यांचा सांभाळ करायला, हेही पोरांना इथेच कळले. सैनिक म्हणजे नुसती बंदूक नव्हे, एवढे त्या वयाला पुरे. प्लास्टिकच्या बंदुका आणि रंगवलेल्या मिशा आपण मुद्दाम ठेवलेल्या नाहीत. काही पालकांना ते आवडले नाही, असो.

पत्त्यात रँक, नाव, युनिट आणि 'मार्फत ५६ एपीओ' किंवा '९९ एपीओ' (एपीओ म्हणजे फौजेचे टपाल कार्यालय) एवढेच असते. "ह्यात गाव कुठाय?" हा प्रश्न दरवर्षी येतो. गाव का लिहीत नाहीत ते समजावून सांगताना पोरे एकदम गप्प होतात. दुसरीतल्या एका मुलीने पत्रातून जवानाला विचारले होते, तुम्हाला आंघोळीला गरम पाणी मिळते का. उत्तर आले, "बाळा, आधी बर्फ वितळवून प्यायचं पाणी करतो, आंघोळीचं नंतर बघतो." ते पत्र तालमीच्या भिंतीवर फ्रेममध्ये आहे, जरूर येऊन वाचा.

फराळाचे श्रेय कुणाकुणाला द्यावे! भांड्यांच्या दुकानाचे आपले मालक डबे खरेदीच्या भावात देतात, वर दोन-चार जादा टाकतात. भिशीच्या भगिनी रात्र रात्र बसून शंकरपाळी आणि चिवडा करतात. गूळवाले अण्णा दरसाल न मागता गूळ पाठवायचे. ते गेल्यावर आम्ही आशा सोडली होती, तर सूनबाईंनी स्वतः रिक्षातून ढेप आणून ठेवली. चौकातले टेलरमामा पार्सलवर मांजरपाट शिवून देतात, एक पैसा घेत नाहीत.

आणि आता थोडे मनातले. गेल्या वर्षी ग्रुपवर निरोप टाकला, तेव्हा अंगठे भरपूर आले. पॅकिंगच्या दिवशी मात्र भिशीच्या भगिनी, टेलरमामा आणि पोरेच. डॉल्बीसाठी एका बैठकीत जमणारी रक्कम इथे महिनाभर फिरून जमत नाही. एका सद्गृहस्थांनी तर "७ डिसेंबरला शाळेत ध्वजनिधी दिला की, आता परत कशाला?" म्हणून दारातूनच वाटेला लावले. ध्वजनिधी द्यावाच. शहिदांची कुटुंबे, जायबंदी जवान आणि माजी सैनिकांसाठी तो आहे, १९४९ पासून चालू आहे. पण छातीवर ध्वज टाचून घरी आलेल्या पोराला तो कशासाठी, हे घरात कुणी सांगितले का? सैनिक टाकळीसारखे घरोघरी फौजी असलेले गाव आपल्याच जिल्ह्यात आहे आणि आपल्या पोरांना ते माहीत नाही, हे बरे नव्हे. फराळ रवाना झाला की पोरांना तिथे न्यायचे ठरले आहे.

तपशील : एका डब्याचा खर्च टपालासह साधारण ३५० रुपये, यंदा १२० डबे म्हणजे ४२,००० रुपये, टाकळीच्या बसचे ८,००० वेगळे. देणगी घटस्थापनेपर्यंत तालमीच्या ऑफिसात, संध्याकाळी ६ ते ८. खाते जुनेच, क्यूआर फलकावर. पावती घ्याच, करसवलत नाही. पॅकिंग अष्टमीच्या आधीच्या रविवारी सकाळी ९ पासून, पार्सले दसऱ्यानंतर लगेच पोस्टात (उशीर झाल्यास दिवाळीपर्यंत पोहोचत नाहीत). घरचा कुणी फौजेत असेल तर युनिटचा पत्ता बंद पाकिटात काकांकडेच द्यावा, ग्रुपवर टाकू नये.

आपला नम्र,
सचिव, बालविभाग

ता. क. मांजरपाट कमी पडणार आहे. ज्यांच्याकडे जुना पण धुतलेला असेल त्यांनी टेलरमामांकडे परस्पर पोहोचवावा. तेलकट डागाचा नको, पत्ता उमटत नाही.